मयताचं घर

नांदुऱ्यात आम्ही पहिलंच घर घ्यायला निघालो, तर त्याचे मालक वारलेले. त्यांनी ते मृत्युपत्राने पुतण्याला दिलं होतं. कोर्टाकडून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला, मिळेपर्यंत पुतण्याला विकता येईना, म्हणून दर पंधरवड्याला त्याच्या वकिलांच्या कारकुनाकडे आमची फेरी.

हा माणूस तोंड उघडण्याआधी पेनाला टोपण लावायचा, जणू बोलतानाही शाई सांडेल. मी "आमच्या घराचं कुठवर आलं?" असं विचारलं की शांतपणे म्हणायचा, "मयताच्या घराचं म्हना, भाऊ. होऊन राह्यलं."

एकदा बायकोच्या पिशवीतलं निळं कापड त्याला दिसलं. पडद्यांचं आहे, असं तिने हौसेने सांगितलं.

"काऊन वो वहिनी, मयताच्या खिडक्याइले पडदे?"

ती आठवडाभर फणफणत होती. "राहायला जायच्या आधीच सुतक पाळायला लावतोय."

शेवटी प्रोबेट आलं आणि पुतण्याने खरेदीखत करून दिलं. सह्या झाल्यावर कारकुनाने कागद दोनदा वाचला, पेनाला टोपण लावलं आणि तो बायकोकडे वळला.

"वहिनी, तुमच्या खिडक्याइचे पडदे शिवून झाले काय?"