स्वतःसाठी न मागणारा माणूस

चित्रकथांमुळे मुलांवर शौर्याचे आणि परोपकाराचे संस्कार होतात, असे प्रतिपादन करणारे निबंध मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांच्या लेखकांपैकी एकानेही बपेऱ्याच्या सुलोचनाबाई बिसेन यांचे मत घेतलेले नाही. चित्रकथांतून घडलेल्या एका नायकाबरोबर त्यांनी सव्वीस वर्षे संसार केला आहे, आणि या विषयावर त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा असेल असे वाटत नाही.

हा नायक म्हणजे धनीराम बिसेन; वय बावन्न, तीन एकर धान. त्यांचे मामा मँगनीजच्या खाणीत कामाला होते. तुमसरच्या रद्दीवाल्याकडून ते भाच्यासाठी जुनी हिंदी कॉमिक्स आणत. कित्येकांची शेवटची पाने फाटलेली असत. त्यामुळे संकटातून सुटका झाल्यावर पुढे काय होते, हे धनीरामना फारसे कधी कळले नाही. त्या वाचनातून त्यांनी दोन नियम काढले आणि कॉमिक्सच्या पेटीच्या झाकणावर आतून खडूने लिहून ठेवले. हाक आली की जायचे. स्वतःसाठी काही मागायचे नाही.

हे नियम त्यांनी अक्षरशः पाळले, हीच तक्रार आहे. गावात कोणाची म्हैस विहिरीत पडो, कोणाच्या घरात साप निघो, धनीराम हजर. मुलगी गुंजन हिच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी ते दुसऱ्याच्या छपरावर कवेलू, म्हणजे कौले, फिरवत होते. लोक कौतुक करतात. कौतुकाला खर्च येत नाही.

गेल्या जुलैत पावसाने मधेच दडी मारली. रोवण्यासाठी, म्हणजे धानाच्या लावणीसाठी, तलावाचे पाणी पाळीने सोडायचे ठरले. तलावाच्या तोंडाला, म्हणजे तुडुमाला, लागून पाट निघतो. तिथली रीत जुनी आहे: ज्याची पाळी, त्याच्या घरच्या माणसाने आपल्या नाक्यावर, म्हणजे पाटातून शेतात पाणी वळते तिथे, बसून राहायचे. नाका रिकामा दिसला तर पुढच्याने पाणी आपल्याकडे फिरवावे. आणि एकदा फिरवलेले पाणी कोणी तोडायचे नाही, ज्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गेले त्यानेच राजीखुशीने सोडावे. बिसेनांची पाळी गुरुवारी सकाळी सहा ते बारा. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, एकतीस दिवसांचे झाले होते. पुढची पाळी नऊ दिवसांनी. तोवर पऱ्हे पेर धरणार, आणि मग त्यांना फुटवे येत नाहीत. रोवणा करणाऱ्या अकरा बायका त्यांच्यातल्याच धुरपताने महत्प्रयासाने जमवल्या होत्या. सुलोचनाबाई त्यांच्याबरोबर पऱ्हे उपटत होत्या. धनीरामना एकच काम होते: बसून राहणे.

साडेसातला शेजारच्या शेताचे मालक भैय्याजी पटले आले. तलावाच्या झिरप्याने ओल्या राहिलेल्या त्यांच्या खोलगट बांधीत ट्रॅक्टर रुतला होता.

“धनीरामभाऊ, चाक अर्धं आत गेलं. तुमच्याबिगर कोणाले सांगू?”

धनीराम उठले. भैय्याजींची पाळी बिसेनांच्या लगेच नंतरची होती, हे त्यांना ठाऊक होते. पण तसा विचार करणे त्यांना क्षुद्रपणाचे वाटले असावे. भैय्याजींच्या मनातही कपट नव्हते. त्यांच्या गड्याने नाका रिकामा पाहिला आणि रीतीप्रमाणे पाणी फिरवले, इतकेच.

साडेनऊला सुलोचनाबाई पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन आल्या, तर बांधीत घोट्याइतकेही पाणी नव्हते; सकाळच्या दीड तासात आले तेवढे कोरड्या पाटाने आणि भेगाळलेल्या मातीने पिऊन टाकले होते. धुरपता बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर टेकली.

“बाई, आमी चिखलात रोवतो. ढेकलात रोवाची विद्या आमाले नाई.”

तेवढ्यात धनीराम आले. मांड्यांपर्यंत चिखल, चेहरा प्रसन्न.

“निघाला! दोन फळ्या लावल्या, एक जोर मारला अन्...”

“नाका कोणाच्या भरोशावर सोडला?” सुलोचनाबाई म्हणाल्या.

“हाक मारली त्याईनं. हाक आल्यावर माणूस बसून राहाते का?”

“मी सव्वीस वर्सं हाका मारून राहिली. मायी हाक कोणत्या पुस्तकात नाई वाटते!”

बायका हसल्या. “भाऊजी, आता उडून जा अन् ढग आना,” धुरपता म्हणाली.

“ढग नोको,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “त्याईच्या बांधीत पानी चालू हाय. जा, मागून आना.”

“मी? मागू?” धनीरामच्या आवाजात खरी भीती होती. विहिरीत उतरताना ती कोणी ऐकली नव्हती. “तू जाय ना.”

“पाळी तुमी घालवली. तुमीच जा.”

मधे फक्त दोन धुरे होते. धनीराम पहिल्या धुऱ्यावर थांबून पायाचा चिखल काठीने खरवडू लागले. भैय्याजींसमोर उभे राहिल्यावर त्यांनी आधी ट्रॅक्टरची चौकशी केली, मग चाकाची, मग पुन्हा ट्रॅक्टरची. इकडे अकरा बायका आणि सुलोचनाबाई कंबरेवर हात ठेवून पाहत होत्या. चित्रकथेत दोन चौकटींच्या मधे एक पांढरी पट्टी असते. नायक एका चौकटीतून दुसरीत उडी घेतो, तेव्हा पडलेल्या भिंतीची विटामाती कोणी उचलली, हे त्या पट्टीत गडप होते. समीक्षक तिला वाचकाच्या कल्पनाशक्तीची जागा म्हणतात. माझ्या मते तिथे सुलोचनाबाई राहतात.

“भैय्याजी,” धनीराम अखेर म्हणाले, “मले... पानी पायजे होतं.”

भैय्याजी चकितच झाले. “अरे, मंग सांगाचं ना! तुमी कधी काई मांगतच नाई, तं मले वाटलं तुमचं झालं असन. कितीक वेळ पायजे?”

बारा वाजायला सव्वादोन तास होते. धनीरामनी खाली पाहिले आणि म्हणाले, “एक तास.”

गड्याने पाणी फिरवले. धनीराम जवळजवळ धावत परतले. काहीतरी मोठे पार पाडल्याचा तोच प्रसन्न चेहरा घेऊन.

“देल्लं! एक तास देल्लं!”

सुलोचनाबाईंनी पाच बांध्यांकडे पाहिले. एका तासात तीन भिजल्या असत्या, तेही पाटाने वाटेत गळती केली नाही तर.

“एकच मांगतला?”

“जास्त कसा मांगाचा?”

सुलोचनाबाईंनी पदर खोचला, हातातल्या पेंढ्या त्यांच्या हातात कोंबल्या, म्हणाल्या, “नाक्यावर बसा, अन् कोणी मेलं तरी उठू नोका,” आणि उरलेला सव्वा तास मागायला स्वतः भैय्याजींच्या धुऱ्याकडे निघाल्या.