आवाज फाटत न्हाय!

“थांबा. तापू द्या जरा.”

मंगळवार पेठेतल्या त्या बोळात तुम्ही हे वाक्य कधी ऐकलं असेल, तर मी कुणाबद्दल बोलतोय ते सांगायला नको. ऐकलं नसेल तर सांगतो. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, लालसर उजळणारे. ते तापल्याशिवाय आवाज येत नसे. त्या बोळातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी हा नियम अख्ख्या जगाला लावला होता. एखादं गिऱ्हाईक तावातावानं भांडायला आलं, तरी काका हात वर करून म्हणायचे, “थांबा. तापू द्या.” ते ओरडायचं, “अहो, तापूनच आलोय की मी!” मग दोघंही हसायचे आणि चहा यायचा.

काका आधी एका सिनेमा थिएटरात ऑपरेटर होते. नव्वदच्या दशकात मालकानं नवी साऊंड सिस्टीम आणली आणि जुनी व्हॉल्व्हची मशिनं अडगळीत फेकली. काकांनी ती मागून घेतली, हातगाडीवर घातली आणि ढकलत घरी आणली. पुढं नोकरी सुटली. मग बाहेरच्या खोलीत रेडिओ, माइक, ऑर्केस्ट्राची मशिनं दुरुस्त करत ते बसू लागले. आतल्या खोलीत स्वयंपाकघर आणि काकू. मधे एक पातळ भिंत. ही भिंत लक्षात ठेवा, कारण सगळी भानगड तिच्यातूनच आरपार जात होती.

मी तेव्हा दिवसा बँकेत कारकुनी करायचो आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. आपल्या कोल्हापूरला मोठ्या आवाजाची किती हौस, हे तुम्हाला ठाऊक आहेच. लग्न असो, गणपती असो, कानठळ्या बसल्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही. माझा अँप्लिफायरही तसाच, नुसता केकाटणारा. तो बिघडला म्हणून काकांकडं नेला. त्यांनी मला दोन सूर वाजवायला लावले आणि तोंड कडू केलं.

“पावणं, ही गिटार हाय का पत्र्यावर गारा पडाल्यात?”

मला राग आला. पण त्यांनी टेबलाखालचं स्वतः बनवलेल्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचं एक धूड ओढून बाहेर काढलं, ते तापेस्तोवर मला गप्प बसवलं आणि म्हणाले, “आता वाजवा.” काय सांगू तुम्हाला! माझीच गिटार, माझीच बोटं, पण प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती. सूर स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखा. मी आ वासून बसलो. तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, “खरखर हाय!”

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच बटण बंद केलं आणि स्क्रू खोलायला घेतले.

मला खरखर ऐकू आली नव्हती. तसं म्हटलं तर काका म्हणाले, “तुमच्यासाठी न्हाय हे मशीन.”

कुणासाठी, ते पुढं कधीतरी चहा पिता पिता कळलं. काकू हवाईयन गिटार वाजवायच्या. मांडीवर आडवी ठेवून, तारेवर पोलादी कांडी सरकवत वाजवतात ती. लग्न नवं होतं तेव्हा राजारामपुरीतल्या एका कार्यक्रमात त्या वाजवायला बसल्या आणि अँप्लिफायर असा काही फाटला, शिट्ट्या मारायला लागला, की लोकही शिट्ट्या मारायला लागले. काकू अर्ध्यातून उठल्या. घरी आल्या, गिटार जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर टाकली ती टाकलीच.

“त्या दिवशी मशीन माझंच हुतं,” काका म्हणाले. “तिचं काय बी चुकलं न्हवतं, पावणं. लोकं हसली तिला.”

तेव्हापासून हा माणूस एकच गोष्ट करत होता. असला अँप्लिफायर बनवायचा की काकूंनी कपाटावरून गिटार खाली काढली पाहिजे.

त्यांची रीत मला फार आवडायची. मी एकदा म्हटलं, एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर कशाला? एका खोलीपुरता तर आवाज हवाय. तर म्हणाले, “आवं, पैलवानाला भाजीची पिशवी उचलाय लावायची. दम लागंल का त्याला? मशिनाला दम लागला की आवाज फाटतो. म्हणून अंगात ताकद लई ठेवायची, आणि काम थोडंच घ्यायचं.” आमच्या बँकेत नेमकं उलटं चालायचं, पण ते असो.

मग काकूंचं परीक्षण. काका मशीन लावायचे, मी वाजवायचो आणि आतून फोडणीच्या आवाजाबरोबर निकाल यायचा. “भुणभुणालंय.” की लगेच काका ट्रान्सफॉर्मर आडवा फिरवणार. “सर्दी झाल्यागत वाटालंय.” की स्पीकर बदलणार. व्हॉल्व्ह तापवायला आत दोन वायरी जातात, त्यांना एकमेकींभोवती घट्ट पीळ दिला तर भुणभुण कमी होते. काकांचा पीळ काही नीट बसेना. एकदा काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी वायरी बघितल्या आणि म्हणाल्या, “हा पीळ व्हय? सोडा इकडं.” देवासाठी वाती वळतात तशा त्यांनी त्या मांडीवर झरझर वळल्या, काकांच्या पुढ्यात टाकल्या आणि आत गेल्या. भुणभुण खरंच गेली. काका दिवसभर त्या वायरींकडंच बघत बसले होते.

एका गणपतीत शेजारच्या तालमीची पोरं ते मशीन मागून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच चौघं ते उचलून परत हजर. म्होरक्या वैतागलेला. “काका, बिघाडलंय की हे! फुल्ल केलं तरी आवाज फाटत न्हाय!”

काका उभेच राहिले. “काय म्हणलास?”

“फाटत न्हाय हो. पोरं नाचंनात!”

“मोठ्यानं सांग. त्या भिंतीकडं तोंड करून सांग मर्दा!”

त्या पैलवान गड्यानं भिंतीकडं तोंड करून बोंब ठोकली, “आवाज फाटत न्हाय!” काकांनी चौघांनाही मिसळ चारली. पोरं गोंधळून जेवली आणि गेली. आम्ही दोघं भिंतीकडं कान लावून बसलो. थोड्या वेळानं आतून आलं, “तरीबी खरखर हायच.”

मी चिडलो. मला काकूंचा अगदी राग आला होता. हा माणूस हाडाची काडं करतोय आणि या बाई आपल्या खरखर घेऊन बसल्यात! पुढच्या रविवारी गेलो तो मनात ठरवूनच, की आज काकूंना बाहेर बोलवायचं, समोर बसवायचं आणि दाखवा म्हणायचं कुठं आहे खरखर. मी गिटार मांडीवर घेतली. काका मशीनची पिन लावायला मागं वाकून सॉकेट शोधत होते. मी चाळा म्हणून तारेवरून नुसतं बोट फिरवलं.

आतून आवाज आला, “अजून खरखरालंय!”

पिन अजून काकांच्या हातातच होती. मशीन चालूच झालेलं नव्हतं.

मी तोंड उघडणार तोच काकांनी माझा दंड असा दाबला की कळ आली. मला घेऊन ते बाहेर बोळात आले. म्हणाले, “भ्यालीया ती. बोटं अवघडल्यात, इतक्या वर्सांनी वाजवायचं कसं? मशीन बरं झालं म्हणली तर कपाटावरची गिटार काढाय लागंल न्हवं?”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“लई दिवस झालं.”

“अहो, मग सरळ विचारा की!”

“विचारलं तर न्हाय म्हणंल. आणि एकदा न्हाय म्हणली की तिचं तिलाच माघारी फिरता येत न्हाय. एवढ्या वर्सांत तेवढं कळतंय मला.” मग शर्टाला हात पुसत म्हणाले, “चला, दुरुस्त करू.”

आणि खरंच, त्यानंतरही हा गृहस्थ दर रविवारी ते धडधाकट मशीन उघडायचा, तेच स्क्रू काढायचा, पुसायचा, परत बसवायचा. आतून खरखर जाहीर झाली की “व्हय व्हय, बघतो” म्हणायचा. माझा राग कुठल्या कुठं गेला. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

पावसाळा सरल्यावरची एक संध्याकाळ. मी स्कूटरवरून बोळात शिरलो तर कोपऱ्यावर काका, हातात दुधाची किटली. मला बघून दोन्ही हात हलवायला लागले. “गाडी बंद करा! बंद करा आधी!” मी बंद केली. घराचं दार लावलेलं होतं आणि आतून हवाईयन गिटार ऐकू येत होती. दबकत, चुकत. एक सूर घसरायचा, थांबायचा, परत पहिल्यापासून सुरू. काका डोळे पुसत होते आणि हसतही होते, दोन्ही एकदम. आदल्या आठवड्यात ते माइकच्या कामाला कसबा बावड्याला गेले असताना काकूंनी गिटार स्वतःच खाली काढली होती आणि मशीन स्वतःच लावलं होतं. हे त्यांना शेजाऱ्यांकडून कळलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी काका दूध आणायला बाहेर पडायचे आणि वाजवणं थांबेपर्यंत कोपऱ्यावर उभे राहायचे. घरी गेले की काकू विचारायच्या, “दुधाला एवढा उशीर?” काका सांगायचे, म्हैस बिथरली होती, गवळी जेवत होता, रेडकू सुटलं होतं. असल्या थापा त्यांनी वर्षानुवर्षं मारल्या. ज्या मशिनावर आयुष्य घातलं, त्याच्यापुढं बसून त्यांनी काकूंना कधी ऐकलं नाही. मी म्हणायचो, एकदा आत जाऊन बसा की. तर म्हणायचे, “कशाला? हितनं झ्याक ऐकू येतंय.”

काका गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता गेले. मला फार लागलं ते, अजून लागतं.

दिवसकार्य झाल्यावर एका संध्याकाळी मी भेटायला गेलो. काकू मांडीवर गिटार घेऊन बसल्या होत्या. व्हॉल्व्ह लाल झाले होते. मी आत आलो आणि सवयीनं दार लोटायला लागलो.

“राहू दे उघडं,” काकू म्हणाल्या. “दार लावून वाजवायची मी. त्यांस्नी तिकडं कोपऱ्यावर नीट ऐकू येत नसंल.”