कुलगुरूंची पाठ

दुपारची झोप ही आजारी माणसाची किंवा निवृत्त माणसाची, असं मी आयुष्यभर मानत आले. सध्या मी या दोघांतली कोण, ते मला सांगता येत नाही. पंखा फिरतोय. भिंतीशी पुस्तकांची खोकी बांधून ठेवलीत, कारण हे क्वार्टर प्र-कुलगुरूंचं आहे आणि मी आता प्र-कुलगुरू नाही. स्वयंपाकघरात मुकुंद, म्हणजे माझा नवरा, भांडी जरा जास्तच आपटतोय. मी अशी पडून राहिलेली त्याला बघवत नाही. मी कूस बदलते. पडदा हलतो तसा उजेड पापण्यांवरून सरकतो आणि पुन्हा माघारी येतो.

आमचे कुलगुरू हिरेमठ सर गेले त्याच दिवशी माझं पदही गेलं. कायदाच तसा आहे. कुलगुरू प्र-कुलगुरूला सोबत आणतात आणि कुलगुरूंची मुदत संपली की प्र-कुलगुरूचीही संपते, मग ती निवृत्तीनं संपो की हार्टअ‍ॅटॅकनं. बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं. माझ्या सख्ख्या बहिणीनं फोनवर विचारलं, "मंदा, मग आता तूच कुलगुरू का गं?" मी म्हटलं, "नाही गं, मला कायद्यानं सती जायला लावलंय." ती हसली नाही. मीही हसले नाही.

सकाळी सरांना माती दिली आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे आमच्याकडचा कार्यभार गेला. दीक्षान्त समारंभ तोंडावर आला होता, तो ठरल्याप्रमाणे पार पडला. मी साध्या साडीत तिसऱ्या रांगेत बसले. तेव्हापासून रजेवर आहे, म्हणजे अंथरुणावर आहे. वनस्पतिशास्त्र विभागात माझी प्राध्यापकाची खुर्ची रिकामी आहे, तिथं जाऊन रुजू व्हायचं एवढंच करायचंय, पण तेवढंही होत नाही. खरं सांगायचं तर जगण्यावरून मन उडालंय. मुकुंदला हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

"मॅडम, झोपलात व्हय?"

दारात हिरेमठ सर उभे आहेत. अंगात दीक्षान्त समारंभाचा तांबडा झगा, त्याला जरीची किनार, कपाळावर विभूतीचे पट्टे. पायांत नुसते मोजे.

"उठा की. सगळी थांबलीत."

"सर, तुम्ही तर..."

"ठाऊक आहे मला. तेवढं सोडून दुसरं काही असेल तर बोला."

हा त्यांचा नेहमीचा स्वर. बैठकीत कुणी पाल्हाळ लावला की असंच म्हणायचे. मी उठते आणि पाय टेकते तो मुख्य इमारतीच्या लांब व्हरांड्यात, गार शहाबादी फरशीवर. भिंतीवर माजी कुलगुरूंचे फोटो ओळीनं आहेत, पण आज त्या सगळ्यांनी डोळे मिटून घेतलेत. मला त्याचं नवल वाटत नाही. मी बाजूला सरकून सरांना वाट देते.

"सर, तुम्ही व्हा पुढं."

"मी कसा पुढं? लहान पुढं, मोठा मागं. विसरलात?"

विसरेन कशी? दीक्षान्त समारंभाची मिरवणूक हा या माणसाचा जीव की प्राण. इतर कुलगुरू भाषणाची तयारी करतात, हे रांगेची करायचे. भर उन्हात आम्हा सगळ्यांना मैदानावर उभं करून तालीम घ्यायचे, जणू आम्ही पंधरा ऑगस्टच्या संचलनातली पोरं. सगळ्यांत पुढं ज्ञानदंड, म्हणजे विद्यापीठाची मानाची काठी, घेतलेले परीक्षा संचालक, मग कुलसचिव, वित्त अधिकारी, चौघे अधिष्ठाते, त्यांच्यामागं प्र-कुलगुरू आणि सगळ्यांत शेवटी कुलगुरू. एकदा मी वैतागून म्हटलं होतं, "सर, लग्नात नवरदेवसुद्धा इतकी तालीम करत नाही." त्यावर ते म्हणाले होते, "नवरदेवाला फक्त बायको सांभाळायची असते." आमचं फार सख्य होतं असं नाही. पण ज्याच्याशी रोज भांडायची सवय होती, तो माणूस उठून गेलाय आणि भांडण माझ्या अंगात तसंच पडून आहे.

मी पुढं चालते. मागून त्यांच्या मोज्यांचा आवाज येत नाही. व्हरांडा वळतो आणि आम्ही व्यवस्थापन परिषदेच्या सभागृहात असतो. लांब टेबलाभोवतीच्या खुर्च्यांवर माणसं नाहीत, नुसते झगे बसलेत. कुलसचिवांच्या झग्यानं दोन्ही बाह्या फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवल्यात. त्यांच्या सहीशिवाय विद्यापीठात पान हलत नाही, आणि सही मिळेपर्यंत पान पिवळं पडतं. वित्त अधिकाऱ्यांच्या झग्यानं बाह्या छातीशी घडी घातल्यात, म्हणजे आजही उत्तर नाहीच आहे. चार अधिष्ठात्यांचे झगे एकमेकांकडे कलून कुजबुजतायत. परीक्षा संचालकांचा झगा टोकाला बसलाय, निकाल लांबल्यावर बसायचा तसा, खाली मान घालून. त्याच्यापुढं ज्ञानदंड आडवा ठेवलाय.

"रिकामे का हे सगळे?" मी विचारते.

"माणसं जिती आहेत, म्हणून." सर खांदे उडवतात. "त्यांना मी कसं आणू? पण झगे रिकामे असले तरी भांडतायत बघा. सवय."

"आणि माझा?"

सरांच्या हातावर एक झगा घडी करून टाकलेला आहे. तो मला आत्ता दिसतो. निळी किनार. माझाच.

"तुमचा मी घेऊन आलोय. आपण बरोबर आलो, मॅडम. बरोबरच जायचं, नाही का?"

मला लगेच कळतं. स्वप्नात माणूस बावळट असतो असं म्हणतात, पण मला लख्ख कळतं. तो झगा अंगात घालून मी पुढं चालले, तर मुकुंद चहा घेऊन येईल आणि मी उठणार नाही. भीती वाटायला हवी. वाटत नाही, आणि याचंच वाईट वाटतं.

टेबल संपत नाही. आम्ही त्याच्या कडेनं चालतो, आणि टेबलावर आता कागद नाहीत, माझ्या विभागातल्या वाळवून चिकटवलेल्या वनस्पती आहेत, पानामागून पान. शेवटी एक दार येतं. पदवीदान सभागृहाचं मोठं दार, पितळी कड्यांचं, सताड उघडं. आत उजेड नाही आणि अंधारही नाही. पण पुष्कळ माणसं एकदम उठून उभी राहिल्याचा आवाज येतो, खुर्च्या सरकल्याचा, खोकल्याचा. मिरवणूक आत येताना सभागृह उभं राहतं, तसं.

"किती वेळ थांबलाय इथं?" मी विचारते.

"तेव्हापासनं."

"आणि ते सगळे उभेच?"

"उभेच. मी आत गेल्याशिवाय बसणार कशी? पण माझ्यापुढं कुणी नको का?"

मी त्यांच्याकडे बघते. मृत्यूच्या दारात हा माणूस रांग पूर्ण व्हायची वाट बघत उभा आहे. हसावं की रडावं कळत नाही. दुसरं कुणी असतं तर केव्हाच आत गेलं असतं. अशी चूक फक्त विद्यापीठातलाच माणूस करू शकतो.

"घाला की," ते झगा उलगडतात आणि माझ्यामागं धरतात.

मी उजवा हात बाहीत घालते. आत गार आहे, आडाच्या तळासारखं. गारवा दंडापर्यंत चढतो आणि त्याच्या मागोमाग एक सुख चढतं. किती दिवसांनी बरं वाटतंय. पुन्हा रांगेत माझी जागा आहे. माझ्यापुढं कुणी, माझ्यामागं कुणी. तिसऱ्या रांगेत साध्या साडीत बसायचं नाही, बहिणीला काही समजवायचं नाही, खोकी हलवायची नाहीत. मी डावा हात मागं नेते.

"पोडियमवर माझ्या भाषणाची प्रत ठेवलीय नव्हं?" सर मागून विचारतात. "मागल्या खेपेला शेवटचं पान गायब होतं."

माझा हात अर्ध्यावर थांबतो.

यांना ठाऊक नाही. यांना वाटतंय, समारंभ अजून व्हायचाय.

मी "हो, ठेवलीय" म्हटलं असतं तर भागलं असतं. बाही जवळच होती. पण या माणसाशी मी तीन वर्षं भांडले, खोटं एकदाही बोलले नाही, आणि आता तो मेल्यावर काय सुरू करायचं?

"सर, समारंभ झाला."

मागं टेबलावरची कुजबुज थांबते.

"कुणी केला?"

"कार्यभार ज्यांच्याकडे दिलाय, त्यांनी."

"पदव्या दिल्या?"

"दिल्या. सगळ्यांना."

मग ते विचारतात, "रांग मोडली का कुठं?"

"नाही, सर. तुम्ही शिकवली तशीच चालली. एक पाऊल इकडंतिकडं झालं नाही. वित्त अधिकारीसुद्धा पायात पाय न घालता चालले."

सर झगा सोडतात. तो माझ्या एका खांद्यावरून लोंबतो. ते समोर येऊन उंबऱ्याशी उकिडवे बसतात, एखाद्या गावच्या म्हाताऱ्यासारखे, आणि कुलगुरू असे बसलेले मी कधीच पाहिलेले नसल्यामुळे मला त्यांच्याकडे बघवत नाही.

"मग मी कशासाठी थांबलोय, मॅडम?"

"मला वाटलं, नियमासाठी."

"नियम आहेच. पण खरं सांगू का?" ते झग्याची जरीची किनार नीट करतात. "कुलगुरूनं शेवटी चालायचं, त्यात मान आहे असं सगळ्यांना वाटतं. मान कसला? समोर तुमच्या पाठी दिसतात. पाठी बघत बघत माणूस जातोय. मला वाट ठाऊक नसली तरी चालतं. आज समोर पाठ नाही. नुसतं ते आहे." ते आत बोट दाखवतात. "भ्या वाटतंय मला."

एवढा मोठा माणूस. अधिसभेत ऐंशी लोक एकदम ओरडायचे तरी याच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. मी त्यांच्याशेजारी खाली बसते, एक हात झग्यात, एक मोकळा. मला त्यांची दया येते आणि स्वतःचा रागही येतो, कारण अजूनही माझ्या मनात आहे, की जावं, यांच्यापुढं चालावं, दोघांचाही प्रश्न सुटेल. पण समारंभ झाला हे मी आत्ताच माझ्या तोंडानं सांगितलंय. झालेल्या समारंभाला मी कुठं मिरवत जाऊ?

"सर, येतानाची रांग तुम्ही शिकवलीत. परतीची पण लिहून ठेवली होती ना?"

ते मान वर करतात.

"परतताना कुलगुरू आधी," ते हळूच म्हणतात. "पण ती कागदावरच राहिली, शेवटी दरवेळी फोटोंची गर्दी."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे जागेवर उभे. कुलगुरू बाहेर पडेपर्यंत."

"मग ही परतीची आहे, सर. येण्याची होऊन गेली. तुम्ही पुढं व्हायचंय. मी इथं उभी राहते."

"मागनं कुणी बघत असलं की बरं असतं का?" ते विचारतात. खरंच विचारतात, लहान मुलासारखं. "मला कधी अनुभव नाही."

"मला तीन वर्षांचा आहे. तुम्ही मागं असायचात. बरं असतं."

ते उठतात. टेबलाशी जाऊन ज्ञानदंड स्वतः उचलतात. कुलगुरूनं ज्ञानदंड उचलायचा नसतो, हे मला ठाऊक आहे, त्यांना तर ठाऊक आहेच. माझ्याकडे बघून ते किंचित ओशाळतात. मग उंबऱ्यावर ताठ उभे राहतात आणि घसा साफ करतात.

"हा दीक्षान्त समारंभ संपन्न झाल्याचं मी जाहीर करतो."

आवाज शेवटी जरा फाटतो. मी उभी राहते. मागं सगळे झगे खुर्च्या सरकवून उभे राहिलेत, ते मला न बघता कळतं. सर माझ्याकडे वळत नाहीत. "मॅडम, बघताय नव्हं?" एवढंच विचारतात.

"बघतेय, सर. चला."

ते चालायला लागतात. तीन वर्षांत मी त्यांची पाठ पहिल्यांदा बघते. एक खांदा खाली आहे, दुसरा वर. मानेवर केस वाढलेत, कुणीतरी कापायला हवे होते. झग्याची शिवण मधोमध उसवलीय आणि ते कुणी कधी त्यांना सांगितलं नाही, कारण मागं कुणी नसायचंच. मला हाक मारून सांगावंसं वाटतं. मारत नाही. ते लहान होत जातात, थबकत नाहीत, आणि मग पुष्कळ माणसं एकदम खाली बसल्याचा आवाज येतो.

मी उजवा हात बाहीतून ओढून काढते. तो सहज निघत नाही, कातडी सोलल्यासारखं दुखतं. निघता निघता बाहीतून काहीतरी माझ्या मुठीत घरंगळतं.

"कुणाशी बोलत होतीस?"

मुकुंद. हातात चहाचा कप. पंखा, पडदा, खोकी.

"विद्यापीठाचं काम होतं," मी म्हणते. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि मी ते पुसत नाही. सर गेल्यावर मी रडले नव्हते. तो कप खाली ठेवतो आणि माझ्याजवळ बसतो.

उजवा हात खांद्यापासून बधिर आहे. मूठ एकेक बोट करून उघडावी लागते. आत डांबराची एक गोळी आहे, कपड्यांत ठेवतात तसली, वापरून वापरून बोराच्या बीएवढी झालेली. आमच्या घरात डांबरगोळ्या नाहीत. त्या वासानं माझं कपाळ उठतं, म्हणून लग्नापासून मी एकही आणू दिलेली नाही. मुकुंद ती बघतो, माझ्याकडे बघतो आणि उठून घट्ट झाकणाची काचेची बरणी घेऊन येतो.

"यात ठेव. बाहेर राहिली तर उडून जाईल."

"उडू दे," मी म्हणते.

सोमवारी मी विभागात रुजू झाले. गोळी खिडकीच्या कट्ट्यावर आहे. रोज सकाळी निघताना बघते. आता ती ज्वारीच्या दाण्याएवढी राहिलीय. मुकुंद म्हणतो, खिडकी तरी लावून घेत जा, धूळ येते. मी ती उघडीच ठेवून जाते.