दाराशी ठेवलेलं जांभळं पाणी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथ पश्चिमेला भाजी घेत होते. “ताई, हे शेडमधी टाकीपाशी पडलेत... हाका मारतेय, उठत नाय.” मी ओरडले, “अगं, मग आत जा ना!”  ती म्हणाली, “मी कशी जाऊ?” तिने शेजाऱ्याला बोलावून आणेपर्यंत दादा गेला होता. हृदयविकाराचा झटका. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझा सख्खा भाऊ होता, म्हणून मी बोलणार आहे.

बदलापूर गावात, घरामागच्या शेडमध्ये, दादा टाक्यांत कोळंबी पाळायचा. दाराशी घमेलं, त्यात विहिरीत टाकतात त्या पुडीचं जांभळं पाणी. पाय बुडवल्याशिवाय सख्ख्या आईलाही आत प्रवेश नव्हता. “कोळंबीच्या अंगाला आपल्यासारखा रोग लक्षात राहत नाय,” तो मला समजवायचा. “जखम झाली की तिथं काळा डाग धरतो, रक्तातल्या पेशी जंतू गिळतात, तेवढंच. लस देऊन भागत नाय. रोग दारातच अडवायचा.” हे सांगताना तो इतका हळवा व्हायचा की वाटे, घरातल्या माणसांशीही हा असाच बोलला असता तर...

पहिल्या काढणीआधी पाण्याला नारळ-कोळंबीचा मान द्यायची आमच्या घरची रीत. टाकीतल्या कोळंबीला हात लावायला दादाची मनाई, म्हणून वहिनीने उल्हासनगरच्या बाजारातून आणली. पाय नीट बुडवून ती आत गेली, हळदकुंकू वाहिलं आणि नारळासोबत चार कच्च्या कोळंब्या टाकीत सोडल्या. टाकीतल्यांनी त्या खाल्ल्या. बाजारच्या कोळंबीतला रोग टाकीत शिरला; थोड्याच दिवसांत कवचांवर पांढरे ठिपके उमटले आणि कोळंबी पटापट मरू लागली. दादाने ब्लीचिंग ओतून उरलेलीही मारली. मग वहिनीला म्हणाला, “यापुढं या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस, तर मी मेलो समज.”

नंतर नवी पिल्लं आली, वाढली, विकलीही गेली. दादा मात्र चारचौघांत तिला ‘व्हायरस’ म्हणून हाक मारायचा. लोक हसायचे, तीही हसायची. मला त्याच्या थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटायची. कोळंबीला आठवण नसते म्हणणाऱ्या या माणसाने बायकोची एक चूक मरेपर्यंत जपली.

आता टाक्या कोरड्या आहेत. वहिनी अजून रोज सकाळी घमेल्यातलं पाणी बदलते. परवा मी तिचा हात धरला, म्हटलं, “चल आत. आता कोण अडवणारंय?” तिने पाय बुडवले आणि उंबऱ्याशीच थांबली.

“त्या दिवशी मी पाय टाकलेला आत, ताई,” ती म्हणाली. “ते बघत होते माझ्याकडं. मना त्यांचा शब्द आठवला... न् मी पाय मागं घेतला.”