खुर्चीतून उठणं

इंटर्नशिप संपत आली होती आणि माझ्या फिजिओथेरपीच्या लॉगबुकात एकच सही राहिली होती, पेशंटला घरी जाऊन तपासल्याची. ती नाही मिळाली तर पोस्टिंग पुन्हा पहिल्यापासून. वरोऱ्याहून आई रोज फोन करायची, "कवा सुटतं वं तू तिथून?" काय सांगू तिला, कपाळ माझं!

पेशंट चिमूरपलीकडच्या जंगलालगतच्या गावातली बाई. लकव्यानं उजवी बाजू गेलेली. दवाखान्यात महिनाभर मी तिला एकच गोष्ट घोटून घेतली, खुर्चीतून हात न टेकता उठायची. ती रोज म्हणायची, "मॅडम, आता मोह पडाले लागन. वेचाले मले खाली बसता आलं पायजे." आणि मी रोज खेकसायची, "खाली बसायचं नाही म्हटलं ना! पडाल." आमच्या फॉर्मात खुर्ची होती, मोहफुलं नव्हती. ती पुन्हा खुर्चीतून उठून दाखवायची.

मग एकदाचे सही देणारे आमचे सर आणि मी दवाखान्याच्या जीपनं तिच्या घरी पोचलो. आम्हाला पाहताच सून शेजारी धावली, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या घेऊन आली, पदरानं पुसल्या. एकीवर सर, दुसरीवर मी. आणि पेशंट? खाली, भिंतीला टेकून, पाय पसरून.

मी सुनेवर उखडले. "यांना खुर्चीवर काऊन नाही बसवत तुम्ही? एवढं शिकवून पाठवलं मी!"

"घरी खुर्ची कुठी आहे मॅडम? तुमी येनार मनून आनली."

"मग या उठतात कशा?"

"आमी दोघं नवराबायको उचलतो ना. दवाखान्यातून आल्यापासून उचलूनच राह्यलो."

साडेचार वर्षं पुस्तकं घोकली, आणि घरात खुर्ची आहे का एवढं विचारायची अक्कल नाही सुचली! सुनेसमोर मान वर करायची लाज वाटली.

सर घड्याळ पाहत होते. "चला, दाखवा लवकर." बाईला उचलून माझ्या खुर्चीत बसवलं. तिनं पाय मागे घेतले, पुढे झुकली आणि उठली. एकदा नाही, तीनदा. सर खूश. 'उद्दिष्ट साध्य' लिहिलं, सही ठोकली आणि जीपकडे निघालेसुद्धा. कसलं डोंबलाचं साध्य!

बाईनं माझा हात धरला. "भेटली ना सही? तुमची परीक्षा हाय मनून नीट उठली मी."

"भेटली, बाई."

"मंग तुमचं झालं. आता मले मोह वेचाले बसनं शिकवा."

बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मी दारातून ओरडले, "जा ना तुम्ही! मी येते संध्याकाळच्या एसटीनं."