अक्काची डावी बाजू

माझ्या वर्गात जिला सगळ्यात जास्त आजार झाले, ती कापसाची होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी गिरगावातल्या शाळेत शिकवायचे आणि आठवड्यातून दोनदा दुपारी ट्रामने लालबागला जायचे. तिथल्या एका चाळीत तेलंगणातून आलेल्या गिरणी कामगारांची बरीच बिऱ्हाडं होती. पुरुष साचे चालवता चालवता मराठी शिकले होते, बायकांना मात्र भाजीवाल्यापुरतीच येत होती. दवाखान्यात गेल्या की नुसत्या गप्प उभ्या राहायच्या. म्हणून आमच्या महिला मंडळाने त्यांच्यासाठी मराठीचा वर्ग काढला आणि त्यातच बायकांचं आरोग्य शिकवायचं ठरवलं. पाळी, बाळंतपण, अंगावरून जाणं. यातलं काही मी सख्ख्या बहिणीशीही कधी मोकळेपणी बोलले नव्हते, पण मंडळात माझाच आवाज मोठा, म्हणून मला पाठवलं.

पहिल्याच दिवशी माशी शिंकली. मी पोटावर हात ठेवून म्हटलं, "माझ्या पोटात दुखतं. म्हणा." कोणी म्हणेना. उलट एकीने उठून माझा हात पोटावरून बाजूला केला. आजार आपल्या अंगावर दाखवला की तो अंगाला लागतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या आईचंही अगदी हेच म्हणणं असल्यामुळे मला हसता येईना. राग मात्र आला. असल्या समजुतींपुढे मी एरवी हार मानत नाही, पण वर्ग पुढे सरकेना. शेवटी घरातला एक जुना लोड घेतला, चिंध्या नि कापूस भरून त्याला हात, पाय आणि छाती शिवली आणि काखोटीला मारून ट्राममधून नेला. बायकांनी त्याला झंपर घातला, कुंकू लावलं आणि त्याला अक्का म्हणू लागल्या. अक्का म्हणजे त्यांच्याकडेही थोरली बहीणच. मग काय विचारता, अक्काची कंबर दुखू लागली, अक्काची पाळी चुकली, अक्काला दिवस गेले. सगळ्या घडाघडा बोलायला लागल्या.

एक वाक्य तर त्यांनी माझ्याआधीच रस्त्यावरून उचललं होतं. खालून मोर्चा गेला की घोषणा वर ऐकू यायच्या, त्यातलं "झालाच पाहिजे" त्यांना तोंडपाठ होतं. चहा हवा असला तरी "चहा झालाच पाहिजे". मी सांगून सांगून थकले आणि नाद सोडला.

वर्गात चाळिशीची एक बाई होती, घरी विड्या वळायची. तिची बोलायची पाळी आली की ती अक्काच्या डाव्या छातीवर बोट ठेवून म्हणायची, अक्काला इथे गाठ आहे, दुखत नाही. मला वाटलं, तेवढंच पाठ झालंय म्हणून घोकते आहे. दुसरं काही सांग म्हटलं, तरी पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग एकदा म्हणाली, अक्काची गाठ मोठी झाली. वर्ग सुटल्यावर तिला थांबवून विचारलं, गाठ नक्की कोणाला आहे? तिने अक्काकडेच बोट दाखवलं, पण माझ्या नजरेला नजर देईना.

मी तिला परळच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. ती आली ती अक्काला कडेवर घेऊन. रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी काय होतंय विचारलं, तशी हिने अक्काला टेबलावर निजवलं आणि सगळं नीट सांगितलं. गाठ कुठे, कधीपासून, किती वाढली. मी मध्ये तोंड घालणार, तर डॉक्टरीणबाईंनी मला हातानेच गप्प केलं. त्यांनी आधी अक्काला तपासलं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. मग पडदा ओढून हिला तपासलं. बाहेर येऊन म्हणाल्या, लगेच ऑपरेशन करायला हवं, थांबलात तर बाई हातची जाईल.

नवऱ्याचं म्हणणं, आधी गावी नेतो, दिवाळीनंतर बघू. माणूस भला होता, पण भेदरला होता. मी तासभर डोकेफोड केली, तो ऐकेना. संध्याकाळी वर्गातल्या सगळ्या बायका त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "ऑपरेशन झालाच पाहिजे." अख्खा मजला गॅलरीत जमा झाला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला भरती केलं.

ऑपरेशन झालं, गाठीबरोबर डावी छातीही काढावी लागली. घरी आल्यावर मी भेटायला गेले की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मला फार वाईट वाटायचं. अक्काही तिच्याच खोलीत होती, ती परत मागायचा मला धीर झाला नाही. बरेच दिवस वर्ग अक्काशिवायच चालला.

मग एका दुपारी ती वर्गात आली, अक्काला कडेवर घेऊन. अक्काची डावी बाजू तिने उसवली होती. आतला कापूस काढून छाती सपाट केली होती आणि वर टाक्यांची एक आडवी ओळ घातली होती. वर्गात एक नवीन बाई आली होती, तिने विचारलं, हिला काय झालं?

तिने अक्काला खाली ठेवलं. मग आपलाच हात उचलून पदरावरून छातीच्या डाव्या बाजूला ठेवला.

"मला गाठ होती," ती म्हणाली. "इथे."

कोणीही तिचा हात बाजूला केला नाही.