ताडपत्रीत शिजलेली पानवेल

मुलुंडला डोंगराच्या बाजूच्या त्या इमारतीत ताडपत्री बांधावी तर सहदेवनंच. दर मे महिन्यात तो गच्चीवर चढायचा आणि जिन्यावरचं पत्र्याचं छप्पर असं आवळायचा की पावसाळाभर थेंब आत येत नसे. कारखान्यात माल बांधण्यात त्याची हयात गेली होती. अर्धवट काम करणारा माणूस त्याच्या मनातून उतरला की कायमचा.

जानेवारीत वरच्या मजल्यावरच्या सुंदराबाई पंधरवड्यासाठी बहिणीकडे जालन्याला निघाल्या. त्यांचा नवरा भीमराज सहदेवच्याच खात्यात होता. तो वारला, पण गच्चीवर पिंपात त्यानं लावलेली पानवेल राहिली. तिचं पान सुंदराबाईंना विचारल्याशिवाय कुणी तोडत नसे.

"भाऊजी, सकाळी तांब्याभर पाणी घाला, बास," त्या सांगून गेल्या.

त्याच रात्री डोंगरावरून गारठा उतरला. सकाळी सहदेव वर गेला तर शेंड्याची कोवळी पानं काळवंडलेली. पानवेलीला थंडी सोसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. नुसतं पाणी ओतून खाली यायचं म्हणजे कामचुकारपणा. त्यानं पावसाळ्यातली निळी ताडपत्री काढली, वेल बुडापर्यंत गुंडाळली आणि पिंपाभोवती दोरी करकचून आवळली.

कपडे वाळत घालायला आलेली त्याची बायको विमला म्हणाली, "एवढा कित्याक आवळतंस? पाऊस पडतलो काय?"

"बांधूचा तर नीट बांधूचा. तू आपले कपडे बघ."

नंतर त्यानं ती गाठ सोडली नाही. पाणीही घातलं नाही. आत ओल आहे, उघडून गारवा कशाला आत घ्यायचा? पण मुलुंडची थंडी रात्रीपुरती. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नव्हता, आणि ताडपत्री उन्हात तशीच उभी.

सुंदराबाई यायच्या दिवशी त्यानं दोरी सोडली. आतून वाफ आली, अळूचं फदफदं शिजल्यासारखा वास आला. पानं लिबलिबीत होऊन ताडपत्रीला चिकटली होती. सहदेवनं ती खरवडून काढली आणि ताडपत्री घडी करून पाण्याच्या टाकीमागं सारली. चांगल्या कामानंतर तो वस्तू कधी लपवत नसे.

"थंडीनं मारली, वहिनी," सुंदराबाई वर आल्यावर त्याच्या तोंडून निघून गेलं. "यंदा फारच पडली."

त्यांनी पिंपातल्या उघड्या देठांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार?" आणि त्यांनी गावाहून आणलेली हुरड्याची पिशवी त्याच्या हातात दिली.

घरी विमलानं हुरडा भाजला. सहदेवनं ताटली न खाताच बाजूला सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या रेवतीनं त्याला जिन्यात गाठलं. तिनं अँथुरियमच्या कुंड्या दाराबाहेर मांडून ठेवल्या होत्या.

"काका, काकूंची वेल काय झकास पॅक केली होतीत! माझ्या पण करा ना. नाहीतर थंडीत ह्यांची वाट लागेल."

तिनं दोरी पुढं केली. सहदेवनं ती घेतली, पहिला वेढाही दिला. पुढं हात चालेना.

"नको, पोरी. रात्री वर जुनी चादर टाक, उजाडलं की काढ. प्लास्टिक नको."

"पण तुम्ही तर…"

"मी वेल उकडून मारली."

रेवती हसायला गेली आणि त्याचं तोंड बघून थांबली.

तो तसाच वर गेला. सुंदराबाई पिंपाशी बसल्या होत्या. उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं, टाकीमागची ताडपत्रीसुद्धा दाखवली.

"चूक झाली, वहिनी."

"चूक होते हो. एखादं जुनं लुगडं टाकलं असतं तरी भागलं असतं, पण ते तुम्हाला कळलं नाही. त्याचं काही नाही." त्या वळल्या नाहीत. "थंडीचं नाव मात्र माझ्या तोंडावर घेतलंत. रात्रभर मीच स्वतःला बोल लावत होते, असल्या गारठ्यात सोडून गेले म्हणून."

सहदेवनं पिंपाजवळ पडलेली कात्री उचलली. "मेलेल्या फांद्या तरी छाटतो."

"ठेवा ती. थंडी सरेपर्यंत छाटायचं नसतं."

"मग मी काय करू?"

बुडाजवळचा एक देठ धरून त्या नखानं साल खरवडू लागल्या, आत हिरवं आहे का बघायला. तपकिरी निघालं. त्यांनी दुसरा धरला. सहदेव मोकळे हात घेऊन तिथंच उभा राहिला. त्या जा म्हणेनात, थांबाही म्हणेनात.